नुसत्या गप्पांचा गट

रामहरी शिंगाडे यांनी तेहतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधकाची नोकरी केली. डॉक्टर सुई देणार, रामहरी जनावर धरणार. डॉक्टर टाका घालणार, रामहरी जखम धुऊन पट्टी बांधणार. पाचोडला अकरा वर्षं, मग वैजापूरला, अधूनमधून आणखी दोन-तीन गावं. घराणं मेंढपाळाचं, आजा-पणजा मेंढरांमागं हिंडलेले. मुक्या जनावराला कुठं दुखतंय ते रामहरींच्या हाताला आधी कळायचं, डोळ्याला नंतर. कुणाच्याही दारात गेले तर पिशवी घेऊनच जायचे आणि पिशवीतलं काहीतरी वापरल्याशिवाय परतायचे नाहीत. रिकाम्या हातानं लोकांच्या ओसरीवर बसून बोलायचं आणि त्यालाच काम म्हणायचं, असं कुणी त्यांना सांगितलं असतं तर ते हसले असते.

निवृत्त झाल्यावर ते पडेगावला दोन खोल्यांच्या घरात एकटे राहत होते. बायको बानाबाई चार वर्षांपूर्वी किडनीच्या आजारानं गेली. एकुलती मुलगी प्रांजली शहरात एका लॅबमध्ये नोकरीला होती. दर रविवारी यायची, डबे भरून ठेवायची आणि जाताना विचारायची, "दादा, दिवसभर करता काय तुम्ही?"

"काय करायचं? भिंत हाय, मी हाय."

एका रविवारी तिनं डब्यांबरोबर एक छापील कागद आणला. 'फिट येणाऱ्या लोकांच्या घरी जाऊन गप्पा मारण्यासाठी माणूस पाहिजे. खेड्यापाड्यांची माहिती हवी. वयाची अट नाही.' रामहरींनी पहिलाच शब्द वाचला आणि कागद घडी करून डब्याखाली सारला.

तो शब्द त्या घरात कधी निघालाच नव्हता. बानाबाईला फिट यायच्या. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात रामहरींनी पहिल्यांदा पाहिलं. ती भाकरी थापता थापता कलंडली, डोळे पांढरे झाले, हातपाय ताठ होऊन झटके द्यायला लागले. रामहरींनी घाबरून तिला उचललं आणि ती शुद्धीवर येईपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. तेव्हापासून घरात त्याला 'चक्कर' म्हणायचे. गोळ्या चालू होत्या, चकराही अधूनमधून चालू होत्या, आणि पुढं सगळी वर्षं दोघांनी त्या विषयाला वळसा घालून संसार केला. प्रांजलीनं तो कागद मुद्दाम आणला होता का, हे त्यांनी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. चार दिवसांनी त्यांनी कागद डब्याखालून काढला आणि खालच्या नंबरावर फोन लावला.

मुलाखतीला चौदा जण आले होते. घेणारी होती तनुजा, शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयातली मानसोपचाराची बाई. वय पस्तीस-छत्तीस, माहेर वैजापूरकडचं, शेतकरी घरातली. ती प्रत्येकाला समोर बसवायची आणि स्वतः पेशंट असल्यासारखं म्हणायची, "आज मला काहीच करावंसं वाटत नाहीये." एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारांच्या ताकदीवर पाव तास भाषण केलं. एका कॉलेजातल्या मुलीनं तिला खोल श्वास घ्यायला लावला. रामहरींनी तिच्याकडं जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "जेवलात का?"

"नाही."

"भाजी कशाची केलती?"

"मेथीची."

"आता मेथी निबर झाली असंल," रामहरी म्हणाले आणि गप्प बसले. ती शांतता चांगली लांबली. ते काही हलेनात. शेवटी तनुजाच बोलायला लागली, की मेथी आईनं गावाकडून पाठवलीय, आणि आईला आपण आठवडाभर फोनच केलेला नाही. बोलून झाल्यावर तिला हसू आलं आणि तिनं कागदावर त्यांच्या नावापुढं खूण केली.

पहिल्या दिवशी तिनं त्यांना पांढऱ्या फळ्यासमोर बसवलं आणि दोन गोल काढले.

"काका, हे शहाण्णव लोक आहेत. सगळे गोळ्या घेतात आणि घेतच राहणार, त्याला आपण हात लावत नाही. पण गोळ्यांनी फिट कमी झाल्या तरी माणूस घाबरून घरात बसतो, उदास होतो. त्यासाठी आम्ही आठ बैठका तयार केल्यात. आमची सुलेखा घरी जाणार, भीतीबद्दल मोकळेपणानं बोलणार, एकेक पायरी करत बाहेर पडायला शिकवणार. हा एक गट."

"आन् दुसरा?"

"दुसऱ्यांकडे तुम्ही आणि तुमच्याबरोबर निवडलेल्या आशाबाई. आठच वेळा, तेवढाच वेळ. फक्त गप्पा. पाऊसपाणी, पिकं, लग्नकार्य, काहीही. फिटबद्दल नाही, भीतीबद्दल नाही, आणि सल्ला तर अजिबात नाही."

रामहरींनी फळ्याकडं बघितलं. "मग मी जाऊन उपेग काय?"

"समजा सुलेखा ज्यांच्याकडे गेली ते सगळे सुधारले. ते तिच्या बैठकांनी सुधारले, का दर पंधरा दिवसांनी कुणीतरी आपुलकीनं दारात आलं, शेजारी बसून चहा प्यालं, म्हणून सुधारले? कसं कळणार?"

"म्हंजी मी चहा."

"तुम्ही तराजूचं दुसरं पारडं," ती हसून म्हणाली.

रामहरी मान डोलावत राहिले. "आमचे साहेब खनिजाची पावडर आली की असंच करायचे. धा शेळ्यांना द्यायची, धांना नाय द्यायची, आन् बघायचं. पण मॅडम, शेळीला काय आशा नसती."

तनुजाचं हसू ओसरलं. तिनं त्यांना संमतीचा कागद वाचून दाखवला. दोन प्रकारच्या बोलण्यांची तुलना चाललीय आणि कुणाच्या वाट्याला कोणतं येणार हे कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार, एवढं सगळ्यांना सांगितलेलं होतं. शेवटची मोजणी झाली की गप्पांच्या गटाला सुलेखाच्या आठही बैठका मिळणार, हेही लिहून दिलेलं होतं.

"कवा?"

"दहा महिन्यांनी."

"लांब हाय."

"लांब आहे," ती म्हणाली. "त्याच्या आत दिलं तर परिणाम टिकतो का, ते कधीच कळणार नाही."

आणखी दोन नियम होते. प्रत्येक भेटीत एक छोटा रेकॉर्डर चालू ठेवायचा, म्हणजे गप्पांचा माणूस गप्पाच मारतोय ना हे ऐकून तपासता येईल. आणि कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा केली किंवा कुणाच्या गोळ्या संपल्या, तर सगळे नियम बाजूला ठेवून ताबडतोब फोन करायचा.

रामहरींच्या वाट्याला चोवीस माणसं आली. सुरुवातीला त्यांना फार अवघडल्यासारखं व्हायचं. हाताला काम नाही, पिशवी नाही. पण त्या चोवीस घरांत एकही घर असं निघालं नाही, की जिथं शेळी, म्हैस, बैल किंवा निदान कोंबडी नव्हती. गप्पा आपोआप वाट काढायच्या. गंगापूरकडचा एक शिंपी त्यांच्याशी दोन तास मांजरावर बोलला. पाचोडजवळच्या एका म्हातारीनं आठही भेटींत एकाच मेलेल्या बैलाची गोष्ट सांगितली, दर वेळी नव्यानं. लोक त्यांची वाट बघायला लागले. त्यातून घोटाळाही झाला. दर दोन महिन्यांनी फोन करून ठरलेले प्रश्न विचारायचं काम सुदर्शनकडं होतं, आणि कोण कुठल्या गटात हे त्याला कळता कामा नये असा कडक दंडक होता. पण लोक फोन उचलला की पहिलंच वाक्य म्हणायचे, "तुमचे ते शेळ्यांवाले आबा लई गोड माणूस!" बिचाऱ्या सुदर्शनला कागद मिटून ते नाव दुसऱ्याकडं सोपवावं लागायचं. मग प्रत्येक फोनची सुरुवातच अशी ठरली, 'घरी कोण येतं ते मला सांगू नका बरं का.'

चोविसांत ज्ञानेश्वरी होती. वैजापूरच्या पुढं माळावर सात-आठ घरांची वस्ती, त्यातलं शेवटचं तिचं. मुलगी एकोणीस वर्षांची. बाप मेंढरं घेऊन वर्षातले सात-आठ महिने बाहेर. दोन वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरी फिट येऊन जनावरांच्या हौदात पडली होती. वेळेवर बाहेर काढलं म्हणून वाचली. तेव्हापासून बारावी सुटली, आणि आई रत्नमालानं दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणं सोडलं. मुलीनं चुलीपाशी जायचं नाही, हौदापाशी जायचं नाही, वस्तीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. दोघी माय-लेकी दिवसभर एकमेकींच्या नजरेसमोर. रत्नमाला आत काम करता करता हाक मारायची, "ज्ञानू, कुठंस?" आणि ओसरीवरनं ज्ञानेश्वरी म्हणायची, "हितंच."

पहिल्या दोन भेटींत ती मान खाली घालून बसली. तिसऱ्या भेटीत रामहरींचं लक्ष दावणीच्या शेळीकडं गेलं. "ती कबरी पुढचा पाय उचलून धरतीय."

"काल बाभळीचा काटा काढला," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मीच काढला."

"कशानं?"

"सुईनं. हळद लावली."

रामहरींचे हात शिवशिवले. उठून खूर बघावा असं फार वाटलं, पण त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले. "हां," एवढंच म्हणाले. पण त्या दिवसापासून ज्ञानेश्वरी बोलायला लागली. सहा शेळ्यांचे सहा स्वभाव तिनं सांगितले. कुठली पाणी बघून पीत नाही, कुठली दुसरीच्या पिलाला पाजते. लहान असताना बापाबरोबर मेंढरांमागं गोदावरीपर्यंत गेली होती, ते सांगताना तिचे हात बोलायचे. पाचव्या भेटीला तिनं चक्क त्यांची चेष्टा केली, की आबा, तुम्ही सरकारी नोकरीत नुसत्या पट्ट्याच बांधल्या का? रत्नमाला दारात येऊन उभी राहिली होती. लेकीला हसताना बघून ती परत आत गेली.

सहाव्या भेटीला रत्नमाला चहा टाकायला आत गेल्यावर ज्ञानेश्वरीनं आवाज खाली आणला.

"आबा, एक विचारू? टेकाडामागच्या गायरानात शेळ्या घेऊन मी एकटी गेले तर चालंल का? गोळी एकबी चुकवली नाय. चार महिने झाले, फिट नाय."

रेकॉर्डरचा लाल ठिपका चालू होता. रामहरींनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "पोरी, ते मला नको विचारू. डॉक्टरांना विचार."

"डॉक्टर म्हणतेत घरच्यांना विचारा. घरचे म्हणतेत डॉक्टरांना विचार. तुम्ही म्हणता मला नको विचारू. मग मी विचारू कुणाला?"

ती रागावली नव्हती. खरोखरच विचारत होती. रामहरींनी रेकॉर्डरकडं बघितलं, आणि जे या घरात बोलायचं नाही असं ठरलं होतं तेच बोलायला लागले.

"माझ्या मालकिणीला फिट यायच्या," ते म्हणाले. "पाचोडला व्हतो आम्ही. बाजार घरापासनं धा मिनिटांवर. दर आठवड्याला म्हणायची, एकटी जाऊन येते, तुम्ही मिरच्या बघून आणत नाय. मी म्हणायचो, मी हाय ना. एक दिवस दवाखान्यातनं घरी आलो तर ही घरात नाय. मी पळत सुटलो. बघतो तर भाजीवालीपाशी पाय लांब करून बसलीय, पदरात गुळाची गुडीशेव, गप्पा चाललेल्या. मी दंडाला धरून उठवलं आन् घरी आणलं. साऱ्या बाजारादेखत. काय बोलली नाय. पण पुन्यांदा कधी म्हणली नाय, जाते म्हणून."

"मग?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"मग काय नाय."

दारात रत्नमाला उभी होती. दोन्ही हातांत कप होते. तिनं ते जमिनीवर ठेवले. "भाऊ, हे कशापायी सांगितलं तिला?" ती लेकीच्या पुढं येऊन उभी राहिली. "ती हौदात पडली तवा तुम्ही नव्हता. मी केसाला धरून वर काढलं तिला. पुढच्या बारीला येऊ नका."

रामहरी थेट तनुजाकडं गेले आणि रेकॉर्डर टेबलावर ठेवला. "मॅडम, खोट केली मी. ऐका तुम्हीच. मला काढून टाका, पण त्या पोरीचं नाव कापू नका. पुढच्या बैठका मिळू द्या तिला."

तनुजानं त्यांच्यासमोरच ते ऐकलं. संपल्यावर तिनं एक जाड वही काढली आणि तारीख घालून लिहायला लागली. "नाव कुणी कापत नाही, काका. जो ज्या गटात निघाला तो शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचा. चुकलं तर वहीत लिहायचं. लपवायचं नाही आणि गाळायचंही नाही." लिहून झाल्यावर पेन ठेवून ती म्हणाली, "तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. आराखडा करताना मी सगळ्याचा विचार केला होता. कुणीतरी असं विचारेल, याचा नव्हता केला."

रत्नमालाला तिनं स्वतः फोन केला. चार दिवस रत्नमालानं उचलला नाही. पाचव्या दिवशी उचलला आणि म्हणाली, येऊ द्या त्यांना, पण मी तिथंच बसंन. शेवटच्या दोन भेटी तशाच झाल्या. रत्नमाला ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली, ज्ञानेश्वरी गप्प, रामहरी कांद्याच्या रोपांबद्दल बोलताहेत. निघताना रत्नमाला त्यांच्या गाडीपर्यंत आली. "तुमच्या मालकिणीला तुम्ही बाहेर सोडलं असतं तर बरं झालं असतं का, भाऊ?"

रामहरींनी गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली. "ताई, मला बोलायची परवानगी नाय," ते म्हणाले. आतापर्यंतच्या आयुष्यात एवढं जड वाक्य त्यांनी उच्चारलं नव्हतं.

त्या रविवारी त्यांनी प्रांजलीला बाजाराची ती हकिकत सांगितली. आईला 'चक्कर' यायची नव्हे, फिट यायची, हेही पहिल्यांदा त्याच नावानं म्हणाले. प्रांजली कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मला माहितीय," ती म्हणाली. "बाजाराचंही. आईनं सांगितलं होतं मला, दहावीत असताना."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, त्या दिवशी लई मजा आली. भाजीवालीनं उधारीवर गुडीशेव घेऊन दिली म्हणे."

"आन् मी दंडाला धरून आणलं ते?"

"ते पण सांगितलं. म्हणाली, तुझ्या दादाचा हात थरथरत होता, मला त्यांचीच कीव आली. म्हणून परत गेले नाही."

रामहरी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागले आणि पुसतच राहिले. प्रांजलीनं घड्या तशाच ठेवल्या आणि त्यांच्याजवळ येऊन बसली.

दहा महिन्यांनी मोजणी पूर्ण झाली. तनुजानं सगळ्या कामकऱ्यांना बोलावून निकाल सांगितला. फिटची संख्या दोन्ही गटांत सारखीच राहिली होती. उदासी दोन्ही गटांत कमी झाली, आणि जवळजवळ सारखीच. पण घराबाहेर एकट्यानं पडणं, स्वयंपाक करणं, पाहुण्यांत मिसळणं हे सुलेखाच्या गटात वाढलं होतं. गप्पांच्या गटात फारसं हललं नव्हतं.

"म्हंजी मी अगदीच फुकट नव्हतो," रामहरी म्हणाले.

"नव्हता. तुमची माणसं कमी उदास झाली, काका. खरंच झाली. पण ओसरीवरच राहिली."

आशाबाई म्हणाल्या, आपल्याला वाईट वाटायचं काय कारण, आपण सांगितलं तेवढं केलं. रामहरींना मात्र वाईटही वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. कारण आता सुलेखा त्यांच्या चोवीस घरी जाणार होती. ज्ञानेश्वरीकडं ती पहिल्याच आठवड्यात गेली. चार बैठकांनंतर मुलगी दावणीपासून वस्तीच्या कडेच्या लिंबापर्यंत शेळ्या नेऊ लागली. त्यापुढं गाडी अडली. ज्ञानेश्वरी तयार होती, सुलेखा तयार होती. रत्नमाला लिंबाखाली येऊन उभी राहायची आणि लेकीला पुढं जाऊ द्यायची नाही.

तनुजा पुढच्या चाचणीचा आराखडा करायला बसली तेव्हा तिनं ठरवलं, की या बारीला कागद तयार झाल्यावर लोकांना दाखवायचा नाही. आधी लोकांना बोलवायचं, मग कागद करायचा. रुग्णालयाच्या एका लांबट खोलीत दहा-बारा जण जमले. तनुजा, सुलेखा, आकडेमोडीचे बद्रीनाथ सर, काही पेशंट, ज्ञानेश्वरी आणि रत्नमाला. रामहरींना तिनं आग्रहानं बोलावलं होतं. बद्रीनाथ सर पडद्यावर तक्ता दाखवत होते. पेशंटची उदासी या मापानं मोजायची, पेशंटची भीती त्या मापानं. या बारीला बैठका आठऐवजी बारा केल्या तर पेशंट जास्त पुढं जाईल का, ते बघायचं.

"सर," रामहरी म्हणाले, "मी बोलू का? का इथंबी परवानगी नाय?"

तनुजा हसली. "इथं आहे, काका. बोला."

रामहरी उभे राहिले. हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून मागं बांधले. "माझी बायको बानाबाई. मिरगीची पेशंट. आज असती आन् तुम्ही तिची भीती मोजली असती, तर काय निघाली नसती. ती भीत नव्हती. मी भीत व्हतो. तिला बारा बैठका द्या नायतर वीस द्या, दारात मी उभा व्हतो ना. त्या तक्त्यात माझं नाव कुठं हाय?"

मागून रत्नमालाचा आवाज आला. "माझंबी नाय."

बद्रीनाथ सरांनी चष्मा वर केला. ते माणूस चांगले, पण आकड्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. "म्हणजे घरच्यांनाही बैठका द्यायच्या, असं म्हणताय. ठीक आहे. पण आईची भीती मोजायची कशी, ताई? प्रश्नावल्या तर सगळ्या पेशंटसाठीच आहेत."

रत्नमालानं पदर सारखा केला. "हाका मोजा," ती म्हणाली.

"हाका?"

"मी दिवसातनं किती बारी हाक मारते ते. ज्ञानू कुठंस, ज्ञानू कुठंस. ही डोळ्यासमोर असली तरी मारते. तोंडातनं आपसूक निघती. ती किती निघती ते मोजा. मला विचारू नका, मी कमी सांगंन. हिला मोजू द्या."

ज्ञानेश्वरी आईकडं बघत राहिली. बद्रीनाथ सरांनी उठून फळ्यावर लिहिलं, 'रोजच्या हाका', आणि त्याच्याखाली रेघ मारली. कोण मोजणार, आठवड्यातले किती दिवस मोजायच्या, मोजतात हे कळल्यावर माणूस हाक गिळून टाकेल त्याचं काय करायचं, यावर पुढं तास-दीड तास वाद चालला. ज्यांच्या घरात हाक मारायची रीतच नाही, जिथं नवरा नुसता मागं मागं चालतो, तिथं काय मोजायचं, हा प्रश्न सुलेखानं काढला. त्यावरही वाद झाला. चहा आला, गार झाला.

जेवणाच्या सुट्टीत ज्ञानेश्वरी रामहरींपाशी आली. "आबा, मी सकाळपासनंच्या हाका आठवून मोजल्या," ती हळूच म्हणाली. "बसमध्ये धरून सव्वीस झाल्यात." रत्नमालानं ते ऐकलं आणि तोंडाला पदर लावला. रामहरींना आधी वाटलं ती रडतेय. ती हसत होती.

नवीन चाचणी मंजूर व्हायला वर्ष गेलं. रुग्णालयाच्या समितीनं दोनदा कागद परत पाठवला, एकदा तर त्या हाकांवरूनच. मधल्या काळात ज्ञानेश्वरी बहिःस्थ बारावीला बसली आणि पास झाली. शेळ्या घेऊन ती टेकाडापर्यंत जाते. रत्नमाला अर्ध्या वाटेवर कुणाच्या तरी बांधावर खुरपत असते, मजुरीनं. तिथनं हाक पोचत नाही, हे तिला ठाऊक आहे. एकदा टेकाडावर ज्ञानेश्वरीला फिट आलीसुद्धा. शेजारच्या गुराख्याला सुलेखानं आधीच शिकवून ठेवलं होतं. त्यानं तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपलं उपरणं ठेवलं आणि शुद्ध येईपर्यंत जवळ बसला. दुसऱ्या दिवशी रत्नमालानं तिला जाऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी जाऊ दिलं.

रामहरींना या बारीला वेगळं काम मिळालं. त्यांना दोन महिने रीतसर शिकवलं आणि नवऱ्यांच्या, बापांच्या बैठका त्यांच्याकडं दिल्या. आता फिटबद्दल बोलायचंच होतं. पहिलं घर पाचोडच्या बाजूला निघालं. कडुबा नावाचा चाळिशीतला माणूस. त्याच्या बायकोला सहा वर्षांपासून फिट यायच्या. तो रामहरींना घेऊन गोठ्यापाशी बाजेवर बसला, पण बोलेना. गवताची काडी मोडत राहिला. रामहरींनी घाई केली नाही. त्यांना एवढं तर येतच होतं.

बऱ्याच वेळानं कडुबा म्हणाला, "तुम्हाला काय ठावं असणार, काका, असल्या घरात कसं राहायचं ते."

"सांगतो," रामहरी म्हणाले, आणि बाजेवर जरा त्याच्या जवळ सरकले.